सत्तेचाळीस हजार सहाशे दहा

पवनीच्या तेजराम लांजेवाराने आयुष्यात एकच पराक्रम केला आणि तो कोणी पाहिला नाही. माणसाच्या नशिबी काय काय भोग येतात याची यादी करायला बसलं, तर हा भोग बराच वर लागेल. ज्यांनी कधीच काही केलं नाही ते लोक बरे. त्यांना भूक लागते, झोप लागते. तेजरामला गेल्या पस्तीस वर्षांत दोन्ही नीट लागलेलं नव्हतं.

झालं होतं असं की, तेजराम तेव्हा चिखल्याच्या मँगनीज खाणीत हजेरी कारकून होता. नवं लग्न, दीड खोलीचं क्वार्टर. बायकोने, म्हणजे कुंताबाईने, त्याला शिलाई मशीन आणायला नागपूरला धाडलं आणि हा गृहस्थ कम्प्युटर घेऊन परत आला. कम्प्युटर म्हणजे हल्ली मांडीवर घेतात तो नव्हे. नुसती बटणांची पाटी. ती एका वायरीने टीव्हीला जोडायची, दुसरीने टेपरेकॉर्डरला, टेपमध्ये कॅसेट घालायची, सहा मिनिटं कान फाडणारी किंचाळी ऐकून घ्यायची, की पडद्यावर खेळ उगवायचा. खाली आपलं एक विमान. वरून शत्रूची विमानं झुंडीने. आपण इकडेतिकडे पळायचं आणि गोळ्या झाडायच्या. बास. कुंताबाई दोन आठवडे नवऱ्याशी बोलली नाही आणि त्या शांततेत तेजरामचा हात चांगला बसला.

कॉलनीत हा खेळ खेळणारा दुसरा माणूस म्हणजे देवाजी काटेखाये. हजेरीच्या खिडकीत तेजरामच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. त्याची मजल एकोणीस हजारांवर थांबलेली. एका रविवारी दुपारी तेजरामने सत्तेचाळीस हजार सहाशे दहा केले. आकडा पडद्यावर लुकलुकत राहिला. तेजराम तसाच उठला, क्वार्टरांच्या दोन लाइनी ओलांडून धावला, अर्धी दाढी झालेल्या देवाजीला हाताला धरून ओढत आणला. दारात पोचले आणि लाइट गेली. त्या मशीनला बंद झाल्यावर काही म्हणता काही आठवत नसे. एका गालावर फेस असलेल्या देवाजीने काळ्या पडद्यात वाकून पाहिलं. मग म्हणाला, "हे दाखवायले आणलं का बे मले?"

पुन्हा करून दाखवायचं तर त्याच आठवड्यात टेपरेकॉर्डर बिघडला, नव्याला कुंताबाईने पैसे दिले नाहीत आणि मशीन पेटीत गेलं ते तिथेच राहिलं. त्या दिवसापासून भांडण सुरू झालं ते झालंच. दोघं निवृत्त झाले, दोघं पवनीला एकाच गल्लीत राहायला आले, पण भांडणाला निवृत्ती नव्हती. देवाजी रोज यायचा आणि चप्पल काढता काढता म्हणायचा, "सत्तेचाळीस हजार म्हणते! थापाड्या!" मग तासभर तेच. लग्नाच्या पंगतीत अनोळखी माणसाला पंच नेमायचे. तो बिचारा वरण-भात सोडून दोघांची बाजू ऐकायचा. देवाजीची बायको धुरपता वारली, तेव्हा तेराव्याच्या दिवशी सगळे पाहुणे गेल्यावर तेजराम नुसताच जाऊन त्याच्याजवळ बसला होता. शेवटी देवाजीच म्हणाला, "तिलेही खोटंच वाटत होतं बे ते." आणि दोघांना बरं वाटलं.

तर अशा या देवाजीने दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी तेजरामच्या ओट्यावर बसून सांगितलं, "सोमवारी जाऊन राहिलो हैद्राबादले. मनिष न्यायले येऊन राहिला. म्हणते, बाबा, एकटे कायले राहाता तिथं."

"किती दिवसाकरता?"

"दिवसाकरता नाई बे. घर देऊन टाकलं."

जाऊ नको, असं तेजरामच्या जिभेवर आलं. पण तसं म्हणायची रीत या दोघांत नव्हती. तो म्हणाला, "मंग जाशील तर ऐक. सोमवारच्या आत तुझ्या डोळ्यासमोर सत्तेचाळीस हजार करून दाखवतो."

"तुले चष्म्याशिवाय शर्टाचं बटन दिसत नाई," देवाजी म्हणाला. पण आवाजात नेहमीची धार नव्हती आणि तेजरामला तेच सहन होईना.

मशीन लोखंडी पेटीत लाल कापडात गुंडाळलेलं निघालं. वर्षातून एक दिवस ते बाहेर यायचं, दसऱ्याला. कुंताबाई विळा, कुदळ, मिक्सर आणि स्कूटरची किल्ली यांच्या ओळीत त्याला पाटावर मांडायची आणि हळदीकुंकू लावायची. शिलाई मशीनच्या जागी आलेलं असलं तरी यंत्र आहे, त्याचा मान त्याला मिळाला पाहिजे, असं तिचं म्हणणं. तेजरामने एकदा विचारलंही होतं, की जे चालतच नाही त्याची पूजा कशाला?

"चालत नाई म्हणून पूजा सोडाची का?" कुंताबाई म्हणाली होती. "मंग वटसावित्रीचं काय करू?"

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. आता मशीनवर लाल-पिवळा थर चांगलाच चढलेला होता. तेजरामने ओलं फडकं घेऊन ते स्वच्छ पुसलं. वायर जोडली. कोपऱ्यातला लाल दिवा लागला आणि तेजरामच्या डोळ्यांत पाणी आलं. हा या कथेतला शेवटचा आनंदाचा प्रसंग. वाचकांनी तो नीट पाहून घ्यावा.

टेपरेकॉर्डर शेजारच्या रंभाबाईंकडे होता. त्या त्यावर भजनं ऐकत. त्यांनी तो दिला, पण स्वतः सोबत आल्या. "माझा टेप जाईन तिथं मी येईन," त्या म्हणाल्या आणि खाटेवर मांडी घालून बसल्या. तेजरामने कॅसेट घालून बटण दाबलं. ती ओळखीची किंचाळी घरभर पसरली. समोरच्या घरातली दोन माणसं, काय झालं, कोणाला लागलं, असं विचारत आली. रंभाबाईंनी कानावर हात ठेवून निदान केलं, "कॅसेट आजारी आहे हे. आमच्या टेपनं असा आवाज कधी नाई काढला." एकाने सुचवलं, कॅसेट उन्हात ठेवा. दुसऱ्याने सुचवलं, उन्हात मुळीच ठेवू नका. तिसऱ्याने, जो नुसता रस्त्याने जात होता, मुलाला नोकरी लागली का ते विचारलं. तेजरामला मुलगा नव्हता. मुलगी होती आणि ती पुण्याला होती.

तिनेच पाठवलेल्या भिंतीवरच्या टीव्हीने मशीनला ओळख दाखवली नाही. निळ्या पडद्यावर सिग्नल नसल्याची इंग्रजीतली पाटी तेवढी फिरत राहिली. म्हणजे जुना, डब्याचा टीव्ही पाहिजे. शुक्रवारचा अख्खा दिवस तेजराम पवनीत डब्याचा टीव्ही शोधत फिरला. एके ठिकाणी सापडला, पण त्यावर तुळस होती. दुसऱ्या ठिकाणी सापडला तर आतला माल काढून त्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिने तेजरामकडे अशा नजरेने पाहिलं, की तो दारातूनच मागे फिरला. शेवटी कोणीतरी सांगितलं, वाचनालयात आहे.

वाचनालयात खरोखरच होता, कपाटावर, चालू. पण तिथे डिंपल होती. डिंपल म्हणजे वाचनालयाची एकुलती एक कर्मचारी, हुशार पोरगी, नियमाला पक्की.

"काका, हा टीव्ही दोन हजार चौदालेच निर्लेखित झाला," ती रजिस्टर उघडून म्हणाली. "रेकॉर्डवर नाई."

"अवो, पण हा काय समोर आहे!"

"दिसून राहिला. पण नाई आहे."

"मंग जो नाईच आहे तो मी दोन दिवस नेला, तर तुमचं काय जाते?"

"नसलेली वस्तू बाहेर कशी नेता येईन? गेट पास कायचा बनवू?"

सगळ्यात वाईट काय असेल तर तेजरामला तिचं म्हणणं पटलं. तेहतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस तो. तिच्या जागी असता तर त्याने हेच उत्तर दिलं असतं, फक्त जरा जास्त वेळ लावून. त्याने कागद मागून घेतला आणि अध्यक्षांच्या नावे अर्ज लिहिला. आणि इथे त्याची जन्माची सवय आडवी आली. अर्जात कारण पूर्ण आणि खरं लिहायचं, हे त्याने साहेबांच्या शिव्या खाऊन शिकलेलं. त्याने लिहिलं, 'विषय: शत्रूची विमाने पाडणेकरिता दूरचित्रवाणी संच मिळणेबाबत.'

वाचनालयाचे अध्यक्ष दादाजी यांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.

"तेजरामजी, हे मी फाइलीत नाई लावू शकत. उद्या ऑडिटवाला विचारन, कोणाची विमानं?"

तेजरामने सगळं सांगितलं. चिखला, देवाजी, लाइट, सोमवार. दादाजी मनाने चांगले. चांगली माणसं मदत करायला लागली की काय होतं ते पुढे येईलच. त्यांनी मार्ग काढला. टीव्ही बाहेर जाऊ शकत नाही, पण सांस्कृतिक कार्यक्रमासाठी हॉलमध्येच वापरला तर कोणी विचारणार नाही. मात्र सांस्कृतिक कार्यक्रम म्हटला की तो सर्व सभासदांना खुला ठेवावा लागतो. अध्यक्षीय भाषण ठेवावं लागतं. फळा लिहावा लागतो.

"मले फक्त देवाजीलेच दाखवाचं होतं जी," तेजराम म्हणाला.

"येऊ द्या त्यालेही," दादाजी उदारपणे म्हणाले.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर डिंपलच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं: 'संगणक: काल, आज आणि उद्या. प्रात्यक्षिक: श्री. तेजराम लांजेवार.' ते वाचून तेजरामला परत घरी जावंसं वाटलं. पण कुंताबाई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. रंभाबाई टेप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चाळीसेक माणसं होती. त्यातली निम्मी हॉलमधल्या आदल्या बैठकीतून उठायचीच राहिलेली होती. देवाजी कोपऱ्यात, मुलगा मनिषच्या शेजारी. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. तेजरामने त्याला इस्त्रीच्या शर्टात त्याच्या बायकोच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं, आणि तो खरंच जाणार हे त्याच्या डोक्यात आत्ता शिरलं.

दादाजी चाळीस मिनिटं बोलले. संगणकाचे फायदे सांगितले, मग तोटे सांगितले, मग मोबाइलमुळे पोरं बिघडतात हे सांगितलं आणि त्यातच वर्गणी वेळेवर भरायची आठवण केली. मग तेजरामने कॅसेट लावली. किंचाळी सुरू झाली. लोकांनी माना खाली घातल्या. काही जणांना वाटलं हाच कार्यक्रम आहे. पाच मिनिटं झाली. साडेपाच झाली. आता फक्त अर्धं मिनिट. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने "आवाज थोडा कमी करा हो" म्हटलं आणि दादाजींनी, सभ्य माणूस, वाकून टेपचा आवाज अलगद कमी केला.

या जातीच्या मशीनला आवाज कमी झालेला खपत नाही. ते ऐकूनच सगळं शिकतं. पडदा एकदा लाल झाला, एकदा निळा झाला आणि कोरा पडला. तेजरामने पुन्हा कॅसेट मागे फिरवली. पुन्हा सहा मिनिटं. या वेळी तो टेपच्या पुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला, कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. एकाने विचारलं, "चहा आहे का?" दुसऱ्याने सांगितलं, शेवटी असते.

आणि विमान आलं. खाली मधोमध, छोटंसं, पांढरं, पस्तीस वर्षांपूर्वी सोडलं होतं तसंच. तेजरामचे हात आपोआप जागेवर गेले. डावं बटण, उजवं बटण, सगळं त्याच्या बोटांना आठवत होतं. वरून पहिली झुंड उतरली. तेजरामने अंगठ्याने गोळीचं बटण दाबलं.

काही झालं नाही.

त्याने जोरात दाबलं. मग मुठीने दाबलं. गोळीचं बटण म्हणजे खालचं लांब बटण, सगळ्यात मोठं. ते जागचं हललंच नाही. तेजरामने एका हाताने विमान वाचवत दुसऱ्या हाताच्या नखाने बटणाची कड खरवडली. नखात लाल निघालं. कुंकू. पस्तीस दसरे एकाच जागी लावलेलं, आणि गुरुवारी ओल्या फडक्याने पुसून त्याने स्वतःच आत उतरवलेलं. आत त्याचं दगड झालेलं होतं.

"तिथंच काहून लावत होतीस वं?" तो पडद्यावरची नजर न काढता ओरडला.

"लांब आहे न ते!" पहिल्या रांगेतून कुंताबाई म्हणाली. "पाची बोटं बरोबर बसतात."

पूजेला कोणी नावं ठेवू शकत नाही. तेजराम नुसता पळत राहिला. डावीकडून आले की उजवीकडे, उजवीकडून आले की डावीकडे. शत्रू गोळ्या झाडत होते, हा चुकवत होता. "मारा ना हो!" कोणीतरी ओरडलं. "काहून मारून नाई राहिले?" "घाबरले असन." रंभाबाई म्हणाल्या, "टेपचा दोष नाई बरं का." पहिली झुंड संपली, दुसरी आली, तिसरी आली. आकडा वरच्या कोपऱ्यात होता तसाच होता. सहा शून्य. खरं सांगायचं तर तेजराम त्या दिवशी जसा खेळला तसा चिखल्यालाही कधी खेळला नव्हता. अकरा मिनिटं तो एकही गोळी न मारता जिवंत राहिला. पण या खेळात जिवंत राहायचे गुण नव्हते. बाराव्या मिनिटाला घामाने चष्मा नाकावरून घसरला, आणि विमान फुटलं.

पडद्यावर सहा शून्यं लुकलुकत राहिली. या वेळी लाइट गेली नाही. तेजराम मनातल्या मनात विनवत होता, की आता तरी जा बाई. ती गेली नाही. चाळीस माणसांनी ती शून्यं नीट वाचली.

दादाजी समारोपाला उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला होता. "आज आपण काय पाहिलं? एक माणूस. समोर शेकडो शत्रू. पण त्यानं एकही गोळी झाडली नाई! दोन हजार वर्षांपूर्वी ज्या पवनीत बुद्धाचे स्तूप उभे राहिले, त्या मातीतलाच हा संदेश आहे." टाळ्या वाजल्या. तेजरामला एक गुलाबाचं फूल मिळालं. चहा खरोखरच शेवटी होता.

गर्दी पांगल्यावर देवाजी आला. तेजराम वाट पाहत होता. देवाजी आता पोटभर हसेल, थापाड्या म्हणेल, चाळीस साक्षीदार मोजून दाखवील. तेजरामने उत्तरंही तयार ठेवली होती. पण देवाजीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे बे," तो हळू आवाजात म्हणाला. "मानलं मी. केले होते तू सत्तेचाळीस हजार."

"सहाशे दहा," तेजराम म्हणाला.

"सहाशे दहा."

पस्तीस वर्षं तेजरामने हे वाक्य ऐकायची वाट पाहिली होती, आणि ते असं मिळालं, आजारी माणसाला बिस्किटाचा पुडा द्यावा तसं. त्याला कळत होतं की देवाजीने काहीही मानलेलं नाही. देवाजीला त्याची कीव आली होती. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला. कुंताबाईने विचारलं, जेवता का? नाही म्हणाला. ती पायाशी येऊन बसली आणि सुई घेऊन बटणाच्या फटीतलं कुंकू टोकरत राहिली. सुई मोडली. तिने दुसरी घेतली.

सोमवारी सकाळी बसस्टँडवर तेजराम आणि देवाजी नागपूरच्या बसची वाट पाहत उभे होते. बापाला घेऊन मनिष तिथून हैद्राबादची गाडी धरणार होता. त्याने बॅगा एकावर एक रचल्या होत्या. थंडी आहे, असं देवाजी म्हणाला. आहे, असं तेजराम म्हणाला. धान चांगलं झालं म्हणतात यंदा. म्हणतात. इतक्या वर्षांत या दोघांनी एकमेकांना हवापाणी कधी विचारलं नव्हतं, त्याची गरजच पडली नव्हती. आता ही दोन म्हातारी माणसं ओळख नसल्यासारखी उभी होती. तेजरामला दिसलं, हे असंच राहिलं तर देवाजी दर दिवाळीला फोन करेल, तब्येत कशी आहे विचारेल, आणि ठेवून देईल.

बस लागली. मनिषने बापाला खिडकीची जागा दिली. कंडक्टरने घंटी मारली. बस हलली. आणि तेजराम लांजेवार, निवृत्त हजेरी कारकून, वय बासष्ट, सगळ्या स्टँडसमोर बसच्या बाजूने धावत सुटला.

"देवाजी! खोटं होतं बे ते! नव्हते केले मी सत्तेचाळीस हजार!"

खिडकीतून देवाजीचं डोकं बाहेर आलं. "काय?"

"थाप मारली होती! अठरा हजारच झाले होते!"

देवाजीचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. असा लाल तो कित्येक दिवसांत झाला नव्हता. "चूप बे! मी काल मानलं ना! एकदा मानलं म्हणजे मानलं!"

"तू कोण मानणारा? मले माहीत आहे न, नव्हते केले!"

"केले होते! मी सांगतो, केले होते!" देवाजी अर्धा खिडकीबाहेर येऊन बोट नाचवायला लागला. मनिषने त्याला मागून धरलं. कंडक्टरने आत घ्या, आत घ्या म्हणून आरडाओरडा केला. बस वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हाही आतून देवाजीचा आवाज येत होता.

तेजराम दम खात उभा राहिला. मागे वळून पाहिलं तर भंडाऱ्याच्या बससाठी आलेले दादाजी दोन पावलांवर उभे. शेजारी डिंपल. आणखी दहा-पंधरा माणसं, कालच्या कार्यक्रमातली. सगळ्यांनी सगळं ऐकलेलं होतं.

"म्हणजे, तेजरामजी," दादाजी अतिशय दुःखाने म्हणाले, "खोटंच होतं तर?"

आयुष्यातला एकुलता एक पराक्रम होता तो. तेजरामने बस गेली त्या वळणाकडे पाहिलं.

"हो जी," तो म्हणाला. "खोटंच होतं."

दादाजींनी मान हलवली आणि पेपर उघडला. संध्याकाळपर्यंत पवनीभर होणार होतं. तेजराम बाकड्यावर बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खिशात फोन थरथरायला लागला. बस अजून गावाच्या हद्दीबाहेरही गेली नसेल.

"ऐक बे," पलीकडून देवाजी ओरडला, मागे इंजिनाची घरघर होती. "आता मी कंडक्टरले सगळं सांगितलं. तोही म्हणते, केले असन म्हणून."

तेजरामने डोळे पुसले, फोन कानाशी घट्ट धरला.

"त्याले काय समजते?" तो म्हणाला. "दे त्याले फोन."